फोटोतून कापलेला पाव

अहो, तुमची शोकसभा मला मुळीच आवडली नाही. ती होऊन तीन आठवडे झाले, राग अजून उतरलेला नाही.

आपल्या टाउनहाउसांच्या क्लबहाउसमध्ये झाली, रविवारी दुपारी. आदल्या दिवशी तिथे कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस होता. एक चंदेरी फुगा छताला तसाच राहिला होता आणि हार घातलेल्या तुमच्या फोटोच्या बरोबर वर हेलकावे खात होता. काढा म्हणून मी दोनदा सांगितलं. कुणी काढला नाही. थर्माकोलच्या पेल्यांत कोमट कॉफी, तेलाने पारदर्शक झालेल्या कागदावर समोसे, मागे कुठलीतरी रडकी बासरी. लोक समोसा खात खात मला भेटायला येत आणि "टेक केअर हं, काकू" म्हणत तोच हात माझ्या हातावर ठेवत. माझ्या फिक्या साडीच्या पदरावर तेलाची बोटं उमटली आहेत. दोनदा धुतली, जात नाहीत.

हे मी इरा आणि नीलसाठी वाचून रेकॉर्ड करणार आहे. आपली नात बॉस्टनला, नातू सिअॅटलला. दोघांना मराठी ऐकलं की कळतं, वाचता येत नाही. तेव्हा मुलांनो, ऐकताना आजी चिडलेली वाटली तर ती चिडलेलीच आहे.

भाषणं अकरा झाली. त्यांतल्या नऊ जणांनी तुम्हाला 'सात्त्विक' म्हटलं. एकाने तर सनीव्हेलच्या तुमच्या ऑफिसातल्या कामालाही सात्त्विक म्हटलं. चिप्सच्या डिझाइनमध्ये सात्त्विक काय असतं, ते त्याचं त्याला ठाऊक. मग पडद्यावर फोटो सुरू झाले. मिलिंदने फॅमिली ग्रुपवरून गोळा केले होते. आपल्या मुलाला कुठला फोटो कुठला, हे कधी नीट कळलं आहे? त्यातच तो आला. फ्लॉरेन्सचा. डोळे मिटलेले, मान किंचित वर, गालावर ऊन, मागे जुनी दगडी भिंत.

मंडळाचे बापट माइक घेऊन उठले.

"हा फोटो नीट बघा मंडळी. फ्लॉरेन्सच्या कथीड्रलसमोर उभे आहेत आपले नानासाहेब. देऊळ कुणाचंही असो, त्यांची समाधी लागायची! शुद्ध आहार, शुद्ध विचार. आहे का आपल्यात कुणाच्या चेहऱ्यावर हे तेज?"

त्या क्षणी तुमच्या तोंडात गाईचं पोट होतं. आणि कथीड्रल तिथून पंधरा मिनिटांवर होतं.

हे जगात दोघांना माहीत होतं. त्यांतला एक हार घालून फुग्याखाली बसला होता आणि दुसरी मी.

बापटांना चेव आला. "आपल्याकडे पद्धत आहे," ते म्हणाले, "गेलेल्या माणसाच्या नावाने आपली एखादी आवडती गोष्ट सोडायची. आमच्या आईने काशीला अंजीर सोडले, ते मरेपर्यंत तोंडात घातले नाहीत. आज नानासाहेबांच्या नावाने कुणाला काही सोडायचं असेल तर सोडा. मी दुधी सोडतो."

"घरात आणू तरी कधी दिलात?" त्यांची बायको माझ्या मागून पुटपुटली.

मग चढाओढच लागली. कुणी पेरू सोडला. कुणी डाएट सोडा. एका गृहस्थांनी साखर सोडली आणि दहा मिनिटांनी मी त्यांना कॉफीच्या टेबलापाशी साखरेची पुडी फाडताना पाहिलं. मला वाटलं, आता हा तमाशा संपेल. तेवढ्यात इरा उठली.

चोवीस वर्षांची आपली इरा. कानात तीन-तीन रिंगा, मनगटांवर तव्याच्या कडांनी भाजल्याचे डाग, आणि त्या दिवशी माझ्यासाठी म्हणून नेसलेली साडी, पिना लावलेली.

"आबा नेव्हर टच्ड मीट. होल लाइफ," ती म्हणाली. "मी रोज मीट कुक करते, आणि त्यांनी मला एकदा पण जज केलं नाही. सो... मी सोडते. मीट. फॉर गुड."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या!

मला उठता आलं असतं. मी चौदा वर्षं शाळेत शिकवलं आहे, माइकची भीती मला नाही. "इरा, बस खाली" एवढं तरी म्हणता आलं असतं. मी पदरावरचा तेलाचा डाग चोळत बसले.

तुमच्याशी खोटं बोलण्यात आता काय अर्थ? मला आनंद झाला होता. ती तीन वर्षांची असताना मिलिंदने तिला चिकनचे तुकडे भरवले, तेव्हापासून मी ज्यासाठी भांडत होते, ते तुमच्या मरणाने मला आपसूक मिळालं. दुसऱ्या दिवशी मी तिला मसुराच्या उसळीची कृती फोनवर बोलून पाठवली. तिसऱ्या दिवशी डाळिंब्यांची. तिने प्रत्येक कृतीखाली एक लाल बदाम पाठवला, आणि मी रोज सकाळी तो बदाम बघत चहा प्यायले.

तिचं काम मला कधी मान्य नव्हतं, हे तुम्ही जाणता. कॉलेज तिसऱ्या वर्षात सोडून रेस्टॉरंटच्या किचनमध्ये गेली. मिलिंद सहा महिने तिच्याशी बोलला नाही. मी बोलले, पण नाकाला पदर लावून बोलावं तसं. तुम्ही एकटे तिला दर गुरुवारी फोन करायचात. "आज काय शिजवलंस?" विचारायचात आणि खोलीचं दार लोटून घ्यायचात. मला वाटायचं, नातीचं मन मोडू नये म्हणून ऐकून घेताय. तुम्ही चवीने ऐकत होतात, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

दहाव्या दिवशी मिलिंदचा फोन आला.

"आई, इराला स्टोव्हवरून काढलं."

"म्हणजे?"

"ती सॉस आणि स्टॉक बघायची ना, हाडांचा रस्सा. शेफ म्हणाला, जी चाखत नाही तिला तिथे उभं करता येत नाही. आता लेट्यूस चिरतेय. तीन वर्षांनी मिळाली होती ती जागा."

"मग दुसरं काही करेल. चांगलंच झालं."

"आई, तासभर रडत होती. मी म्हटलं, अगं खा, आबा काही बघायला येणार नाहीत. तर म्हणाली, मी आबांना प्रॉमिस केलंय."

फोन ठेवल्यावर मला स्वतःची शिसारी आली. ती कशी असते, तेही तेव्हा कळलं: हात धुवावेसे वाटतात आणि कशासाठी ते कळत नाही.

तर आता फ्लॉरेन्सचं बोलू. तीन वर्षांत आपण ते एकदाही बोललो नाही.

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलांनी तिकिटं काढून दिली होती. दहा दिवसांचं वेळापत्रक मी टाइप करून प्लास्टिकच्या कव्हरात घातलं होतं. फ्लॉरेन्सच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ते कव्हर हॉटेलच्या टेबलावर पालथं घातलंत.

"आज काही बघायचं नाही. नुसतं हिंडायचं. खायचं, प्यायचं."

"खायचं काय? दशम्या आहेत माझ्याकडे. मेतकूट आहे."

"असू देत गं."

सकाळ सुरेख होती, हेही सांगायला हवं. काउंटरपाशी उभ्यानेच कॉफी प्यायलो, इवल्याशा कपातून, आणि तुम्ही त्या बाईला तिच्या भाषेत धन्यवाद, 'ग्रात्सिए', इतक्या ऐटीत म्हणालात की तिने तुम्हाला एक बिस्किट जास्त दिलं. त्या मोठ्या घुमटाखाली मान वर करून चित्रं बघत होते तेव्हा तुमचा तळवा माझ्या पाठीला होता. तुम्ही वर बघतच नव्हतात. मला चक्कर येते म्हणून तुम्ही माझ्याकडे बघत होतात. असा हात तुम्ही पन्नास वर्षं ठेवलात. इथे फ्रीमाँटला राहायला आल्यावर हायवेवर गाडी घालायची मला भीती वाटायची, तर माझ्या शाळेत सोडायला तुम्ही ऑफिस उशिरा गाठायचात, आणि त्याबद्दल एकदाही उपकार दाखवला नाहीत.

बाकी शहराची मात्र मला किळस आली. चामड्याच्या पिशव्यांचा तो बाजार, तिथला वास दोन दिवस माझ्या केसांत होता. दुकानादुकानांत छताला टांगलेल्या डुकराच्या तंगड्या, खुरांसकट. संगमरवरी पायरीवर पाय वर करणारा कुत्रा आणि शेजारीच बसून पिझ्झा खाणारी मुलं. उघडे पुतळे एक वेळ चालतील, निदान स्वच्छ होते. त्यांच्या पायाशी बूट काढून तळपाय चोळत बसलेले प्रवासी बघवत नव्हते. तुम्ही पिस्त्याचं आइस्क्रीम घेतलंत आणि दोनदा चाटून कोन माझ्यापुढे धरलात. मी उष्टं खात नाही. पन्नास वर्षांत माहीत झालं नव्हतं का? तरी धरलात.

मग तो चौक. एका चौकातून आपण तीनदा गेलो. कोपऱ्यात चाकांवरची एक गाडी उभी होती, मोठ्या पातेल्यातून वाफ निघत होती, आणि भोवती कामकरी माणसं, ऑफिसातली माणसं, सगळी उभ्याने काहीतरी खात होती. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, "वाट चुकलात का? आणा तो नकाशा इकडे."

"चुकलो नाही. तू ह्या बाकावर टेक जरा. मी काहीतरी खायला आणतो."

तुम्ही गोल पाव घेऊन आलात. त्यातून हिरवी चटणी डोकावत होती. मला वाटलं पालकाचं काहीतरी असेल. भिंतीपाशी ऊन होतं तिथे उभं राहून तुम्ही पहिला घास घेतलात आणि डोळे मिटलेत. मिलिंद जन्मला त्या दिवसानंतर असा चेहरा मी तुमचा पाहिला नव्हता. म्हणून फोटो काढला.

"पालकाचं आहे का?"

"नाही."

"मग?"

तुम्ही नीट चावून गिळलंत. "लाम्प्रेदोत्तो."

"मराठीत सांगा."

"गाईचं पोट. चौथं."

"चौथं?"

"चार असतात तिला. हे शेवटचं. सगळ्यात मऊ."

"शी! थुंका ते. आत्ताच्या आत्ता थुंका!"

शेजारच्या बाकावरच्या म्हातारीने मान वळवून बघितलं, इतक्या जोरात मी ओरडले होते. तुम्ही थुंकलात नाहीत.

"ऑफिसात आमचा एक इथला माणूस होता," तुम्ही म्हणालात. "तीस वर्षं लंचला ह्याचंच वर्णन करायचा. म्हटलं, एकदा. एकदाच. तू खाऊ नकोस. माझं संपेपर्यंत इथे बस नुसती."

मी उठले. चौक ओलांडून पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तुमचं खाणं होऊन तुम्ही शेजारी येऊन खाकरेपर्यंत तशीच उभी होते.

तुम्ही बाहेर खाता, हे मला काही नवीन नव्हतं. शुक्रवारी तुमच्या शर्टाला निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाचा वास यायचा आणि गाडीत बडीशेपेची डबी असायची. मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत होतं. उंबऱ्याच्या आत नाही, एवढं न बोलता ठरलेलं. मी ते निभावलं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर, भर दुपारी, आणि तेही गाय! त्याची किळस मला आजही येते. ती मी नाकारणार नाही. तुमच्यासाठीसुद्धा नाही.

संध्याकाळी नदीवरच्या पुलावर तुम्ही माझं कोपर धरायला गेलात. मी हात काढून घेतला. तेव्हा तुम्ही विचारलंत, "एक सांग. तुला किळस आली ती त्या पावाची की माझी?"

"दोन्हींची."

"बरं," तुम्ही म्हणालात.

हॉटेलात मी गरम पाणी घालून पाकिटातला उपमा केला. "छान झालाय," म्हणून तुम्ही तो सगळा संपवलात. मग त्याच टेबलापाशी बसून मी फोटो कापला. आधी पाव कापला, मग पाव धरलेला हात. 'कथीड्रलसमोर. आज खूप हिंडलो!' असं लिहून ग्रुपवर पाठवला. तुमच्या फोनवर तो टुण्कन आला. तुम्ही बघितलात, चष्मा काढलात आणि दिवा मालवलात. त्यानंतर शुक्रवारचा वास बंद झाला. मी जिंकले, असं मला खरोखर वाटलं होतं.

त्या चौकातून तीनदा का गेलात, ते मला इतके दिवस कळलं नव्हतं. आरामात हिंडायचा तो दिवस नव्हताच. शहात्तर वर्षांचा, नोकरीतून निवृत्त झालेला, पेटंटं मिळवलेला माणूस एका पावाच्या गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होता, कारण बरोबर चालणाऱ्या बाईला कसं सांगायचं, हे त्याला सुचत नव्हतं. आणि चोरून खायची सगळी सोय असताना, मी हॉटेलात झोपलेली असताना जाऊन येता आलं असतं तरी, तुम्ही मला बरोबर नेलंत. हे काय होतं, ते मी तुम्हाला विचारलं नाही. विचारायला तीन वर्षं होती. तेवढ्या काळात आपण गराजचं दार बदललं, तीनदा कर भरला आणि कोथिंबीर कुठल्या दुकानात ताजी मिळते यावर पुष्कळ बोललो.

तुम्ही आता नाही आहात म्हणून तुमचं सगळं मला गोड वाटू लागलंय, असं समजू नका. हॉलमध्ये नखं कापायचात. बशीतून चहा भुरकायचात. बेसिनमध्ये दाढीचे केस सोडायचात. आता बेसिन लखलखीत असतं. सकाळी ते बघितलं की माझा संताप होतो, एवढंच सांगते.

मिलिंदच्या फोननंतर दोन दिवस मी स्वयंपाकघरातली कपाटं आवरली. मसाल्यांच्या बाटल्यांना नवी लेबलं लावली. तिसऱ्या दिवशी आवरायला काही उरलं नाही, तेव्हा इराला फोन केला. आडवळणं घेतली नाहीत. तुम्ही काय खात होतात ते सांगितलं, फोटो कुणी कापला ते सांगितलं, आणि शुक्रवारचंही सांगितलं.



"काऊ?" ती म्हणाली. "आबांनी? काऊ स्टमक?"

"हो."

"अँड यू न्यू. मी तिथे उभी राहून बोलले तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू मला बोलू दिलंस. सगळ्यांसमोर. मग मला रेसिप्या पाठवत बसलीस! आय लॉस्ट माय स्टेशन, आजी."

"माझं चुकलं, इरा."

"दॅट्स डिसगस्टिंग," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कशाची किळस, ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

पाच दिवस काही नाही. लाल बदाम नाही, काही नाही. मिलिंद म्हणाला, "आई, वेळ दे तिला." मी दिला. दुसरं हातात काय होतं? सहाव्या दिवशी, म्हणजे काल दुपारी, तिचा व्हिडिओ कॉल आला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. फोन तिने ओट्यावर कशाला तरी टेकवून ठेवला होता आणि समोर चिरायच्या फळीवर एक पांढरट, लिबलिबीत, मधाच्या पोळ्यासारखं जाळीदार काहीतरी पसरलेलं होतं.

"चौथं नाही मिळालं," ती म्हणाली. "बुचर म्हणाला इथे कुणी ठेवत नाही. हे सेकंड आहे. मी तीन तास शिजवलंय. तू तिथे होतीस ना? मला सांग, तो माणूस कसं करत होता?"

"मी बघितलं नाही," असं म्हणणार होते. पण मी बघितलं होतं. बाकावरून सगळं दिसत होतं आणि त्या वेळी ते काय आहे हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी कौतुकाने बघत होते.

"लांब काट्याने पातेल्यातून उचललं," मी म्हटलं. "फळीवर घेऊन बारीक कापलं, फार भराभर. वर मीठ, मिरी. पावाची वरची चकती काट्याला टोचून रश्श्यात बुडवली, फक्त आतली बाजू. आणि दोन चटण्या होत्या, एक हिरवी, एक लाल. त्याने हाताने विचारलं, कुठली? आबांनी दोन बोटं दाखवली. दोन्ही."

"हिरवीत काय होतं?"

"मला काय माहीत! कोथिंबिरीसारखा कसलातरी पाला. लसूण असावी. हात पुस आधी, फोनला लागतंय."

तिने हात पुसले. पाव बुडवला, भरला. शेफ शुक्रवारी तिला पुन्हा स्टॉकवर उभं करून बघणार आहे, हे तिने मध्येच, माझ्याकडे न बघता सांगितलं. माफ केलंय की नाही, ते सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मग तिने मोठा घास घेतला. पुष्कळ चावावं लागतं त्याला, असं दिसलं. आवाजही येत होता.

"आजी, यू कॅन गो, इट्स ओके," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "तुझा फेस बघ कसा झालाय."

"तोंड मिटून खा," मी म्हटलं.

अहो, मला मळमळत होतं. घशाशी येत होतं. पण तिचा शेवटचा घास होईपर्यंत मी खुर्चीतून उठले नाही.